न रंगविलेला बर्फ

ज्याने जन्मात बर्फ पाहिला नाही, त्याने बर्फाचे चित्र काढावे काय? हा प्रश्न आम्हाला गेल्या मार्गशीर्षात पडला. आमचे वय चाळिशीपलीकडचे, व्यवसाय वकिलीचा, आणि वास्तव्य अशा गावी की जेथे थंडी म्हणजे रात्री पालखीमागून चालताना अंगावर घ्यावे लागणारे एक उपरणे, याहून अधिक काही नाही. तरीही आम्ही जलरंगांची पेटी आणून एक हिमदृश्य काढावयास बसलो. कारण नव्या वर्षाचे शुभेच्छापत्र म्हणून ते एका जुन्या मित्राला पाठवावयाचे होते. हा मित्र आज कॅनडातील ओंटारिओ प्रांतात राहतो. तेथे पहिला बर्फ पडला तेव्हा त्याने आपल्या घराचे छायाचित्र आम्हा दोघांच्या एका स्नेह्याला धाडले, आणि त्या स्नेह्याने ते आम्हाला दाखविले. ते थेट आमच्याकडे आले नाही, यातच या लेखाचे कारण आहे.

विकतचे पत्र का पाठविले नाही, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या वस्तूच्या जन्मकथेत सापडते. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या एका कामसू गृहस्थापुढे नाताळच्या पत्रांना उत्तरे देण्याचे संकट उभे राहिले. 1840 मध्ये तेथे एका पेनीचे टपाल सुरू झाले होते, आणि त्या योजनेस कोल यानेच हातभार लावला होता; स्वस्त टपालाने पत्रे वाढली, सवड मात्र वाढली नाही. तेव्हा त्याने जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र करवून घेतले आणि त्याच्या हजार प्रती छापवून, हाताने रंगवून, एका शिलिंगास एक याप्रमाणे विक्रीस ठेवल्या. त्या चित्रात बर्फाचा कणही नाही. मध्यभागी भोजनास बसलेले एक कुटुंब आहे, आणि दोन्ही बाजूंस गरिबांना अन्न व वस्त्र देणारी माणसे आहेत. हिमाच्छादित घरे आणि निष्पर्ण झाडे शुभेच्छापत्रांवर मागाहून आली. सांगावयाचे इतकेच की, छापील शुभेच्छापत्र सवडीच्या अभावातून जन्मास आले. आणि आम्ही ज्या मनुष्याला लिहिणार होतो, त्याचे आम्ही नेमकी सवडच देणे लागत होतो.

आमच्या वाड्यावर एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहतात. त्यांनीही बर्फ पाहिलेला नाही. त्यांच्यापुढे आम्ही छायाचित्र ठेवले आणि पेटीतली पांढऱ्या रंगाची नळी उघडली. त्यांनी ती आमच्या हातातून काढून घेतली आणि टोपण लावून ठेवली. म्हणाले, "वकीलबाब, धवें रंगोवपाचें न्हय, राखपाचें."

पांढरे रंगवायचे नसते, राखायचे असते. जलरंगाचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे. तैलरंगात चित्रकार काळोखावरही उजेड चढवू शकतो. जलरंग पारदर्शक असतो. प्रकाश त्या पातळ थरातून कागदापर्यंत जातो आणि कागदाच्या शुभ्रतेवरून परत फिरून आपल्या डोळ्यांत येतो. त्यामुळे चित्रातील सर्वांत उजळ जागा म्हणजे ज्या जागेला कुंचला लागलाच नाही ती जागा. छपरावरचा बर्फ काढावयाचा, तर मागचे आकाश करडे करावे, भिंत तपकिरी करावी, आणि छप्पर तसेच सोडावे. चित्र पाहणारा ज्याला बर्फ म्हणतो, तो चित्रकाराने आवरलेल्या हाताचा ठसा असतो.

हे ऐकताना आम्हाला सावंतवाडीत 1882 साली जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचे ते प्रसिद्ध चित्र आठवले. एक स्त्री हातात दीप घेऊन उभी आहे, आणि ज्योतीवर धरलेल्या तिच्या बोटांतून तांबूस उजेड झिरपतो आहे. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते पाहणारे पुष्कळ लोक त्यास तैलचित्र समजतात. ते जलरंगातील आहे. देवळात दीपमाळ उजळलेली आपण जन्मभर पाहतो. पण कागदावर उजेड आणावयाचा तर पहिल्या रेघेपूर्वीच त्याची जागा राखून ठेवावी लागते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

आम्ही बसलो. कागद ओला करून निळ्यात किंचित तपकिरी मिसळली आणि आकाश भरले. ते अर्धवट सुकले असता मास्तरांनी स्वयंपाकघरातून चिमूटभर जाडे मीठ मागविले आणि त्यावर भुरभुरले. मिठाचा प्रत्येक कण भोवतालचे पाणी ओढून घेतो, रंग हलतो, आणि सुकल्यावर मीठ झटकले की हिमकणांसारख्या फिकट चांदण्या उरतात. मिठागरांच्या प्रदेशात राहून मिठाचा हा गुण आम्हाला ठाऊक नव्हता. नंतर बर्फावरच्या सावल्या आल्या. त्या करड्या असाव्यात असे आम्हास वाटले होते. त्या निळ्या निघाल्या. ऊन जेथे पोहोचत नाही तेथे मोकळ्या आकाशाचा निळा उजेड पोहोचतो, असे त्याचे कारण आहे. सावलीसुद्धा अगदी उजेडावाचून नसते, हे तेव्हा कळले.

शेवटी घराशेजारचे निष्पर्ण झाड काढताना कुंचल्याच्या टोकावरून तपकिरी रंगाचा एक थेंब छपरावर पडला. ओल्या फडक्याने टिपला. डाग फिकट झाला, गेला नाही. मग आम्ही मास्तरांची नजर चुकवून पांढरी नळी उघडली. हा जस्ताचा पांढरा रंग 'चायनीज व्हाइट' या नावाने 1834 साली विन्सर अँड न्यूटन या इंग्लिश रंगवाल्यांनी बाजारात आणला, आणि त्याचे उपयोग आहेत. परंतु आमच्या छपरावर तो भिंतीला लावलेल्या चुन्याच्या थिगळासारखा दिसू लागला. मास्तरांनी कागद खिडकीशी धरला. राखलेला पांढरा उजळला. लावलेला पांढरा मठ्ठच राहिला. ते काही बोलले नाहीत, आणि आम्हाला मित्राची गोष्ट आठवल्यावाचून राहिली नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या देवस्थानच्या महाजनांत वाद झाला. गोव्यातील देवस्थानांचे व्यवहार 1933 च्या पोर्तुगीज काळातील नियमावलीवर चालतात, आणि वाद झाला की तो सभामंडपातून न्यायालयात जातो. आम्ही एका पक्षाचे वकील होतो. मित्र दुसऱ्या पक्षात होता. कैफियत लिहिताना आम्ही तीत एक परिच्छेद घातला. मित्राचे दिवंगत वडील एके काळी देवस्थानचे खजिनदार होते. त्यांच्या हिशेबात दोन वर्षे एक रक्कम जुळली नव्हती, आणि ती त्यांनी पुढे स्वतःच्या पदरची भरली होती. हे खरे होते. हे आम्हाला ठाऊक होते, कारण विद्यार्थिदशेत एका रात्री, देवळाच्या तळीच्या पायऱ्यांवर बसून, मित्रानेच ते आम्हाला सांगितले होते. दावा त्या परिच्छेदावाचूनही जिंकला गेला असता. तो आम्ही जिंकला. मित्राने आमच्याशी भांडण केले नाही. तो फक्त बोलेनासा झाला, आणि पुढे नोकरीनिमित्त परदेशी गेला.

इतकी वर्षे आम्ही स्वतःला एकच उत्तर देत आलो: आम्ही असत्य लिहिले नाही. अप्रिय सत्य बोलू नये असे सांगणारे मनूचे वचन आमच्या वाचकांस परिचित आहे. पण वकिलाला ते सोयीचे नाही, आणि आमच्या मते पुरेसेही नाही. अप्रिय सत्ये बोलली गेली नाहीत तर देवस्थानांचे हिशेब कधीच तपासले जाणार नाहीत. आमचा दोष सत्य अप्रिय होते यात नव्हता. ते सत्य त्या वादाला लागत नव्हते, आणि ते आमच्या मालकीचेही नव्हते. ते आमच्यापाशी ठेव म्हणून ठेवलेले होते. जी जागा राखावयाची होती तिच्यावर आम्ही रंग टाकला. थेंब हातून निसटतो, पण परिच्छेद निसटत नाही. तो आम्ही विचारपूर्वक लिहिला होता.

मग मौन हाच धर्म काय? येथे आमच्या व्यवसायानेच आम्हाला अडविले. 1872 च्या करार कायद्याच्या 17 व्या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे. केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, असे ते म्हणते, आणि लगेच दोन अपवाद सांगते: जेथे बोलणे हे कर्तव्य आहे तेथे, आणि जेथे मौन हेच बोलण्याबरोबर आहे तेथे. हे स्पष्टीकरण आम्ही न्यायालयात अनेकदा वाचून दाखविले आहे. ते आम्हालाही लागू पडते, हे त्या दिवशी मात्र प्रथम उमगले. सुंदर हिमदृश्य, आत 'नव्या वर्षाच्या शुभेच्छा' आणि खाली सही, असे पत्र गेले असते तर त्यातील कोरी जागा काय बोलली असती? "काही घडलेच नाही" असे ती बोलली असती. चित्रातील कोरा कागद खरे सांगतो. पत्रातील तोच कोरा कागद खोटे सांगेल. पांढरे कोठे राखावे आणि कोठे राखू नये याचा विवेक नसेल, तर संयम आणि भ्याडपणा दुरून सारखेच दिसतात.

क्षमायाचनेने डाग जात नाही, हे चायनीज व्हाइटने आम्हाला शिकविले होते. मग ती करावी कशासाठी? आमचे उत्तर असे: डाग पुसण्यासाठी नव्हे, तर डाग पडला आहे हे आम्हालाही दिसते, एवढे दुसऱ्याला कळावे म्हणून. ज्याला दुखविले त्याच्या दुःखात आणखी एक दुःख असते; दुखविणाऱ्याला त्याची जाणीवच नाही, हे ते दुःख. तेवढे तरी उतरविणे आपल्या हाती असते.

दुसरा कागद घेतला. तीन संध्याकाळी गेल्या. या वेळी छप्पर स्वच्छ राहिले, खिडकीपुरता पिवळा उजेडही राखता आला. मग आतील मजकूर लिहावयास बसलो. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात पक्षकाराचे हित, वकिलाचे कर्तव्य, प्रकरणाची परिस्थिती, सर्व काही होते. तो वाचून पाहता ती पुन्हा एक कैफियतच झाली होती. एकेक वाक्य खोडीत गेलो. अखेर चार वाक्ये उरली: तो परिच्छेद आम्ही लिहिला. तो लिहिण्याची गरज नव्हती. तुझ्या वडिलांनी पैसा भरून आपली अब्रू राखली होती, ती आम्ही राखली नाही. याचे उत्तर तू द्यावेस अशी आमची अपेक्षा नाही.

खाली बरीच जागा कोरी राहिली. ती आम्ही तशीच राहू दिली. ती त्याची आहे. पत्र टपालात पडून आता काही महिने झाले. उत्तर आलेले नाही, आणि चौथे वाक्य खरे ठरविण्याची जबाबदारी आता आमच्यावर आहे.