फी नक्की कोण देतंय?

पत्रकावर माझा फोटो छापायचा नाही. ‘बाईंच्या आशीर्वादाने’ ही ओळही काढून टाक. हे मी तुला तोंडावर सांगितलंच होतं आणि तेवढ्यावर थांबले असते. पण तू फाइल इथेच ठेवून गेलास. रात्री मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि मला झोप लागली नाही. म्हणून लिहिते आहे. वाचताना राग येईल तुला. येऊ दे, पण शेवटपर्यंत वाच.

आधी पत्रक. १४,९९९ वर काट मारलीस आणि खाली मोठ्या अक्षरात ९९९ लिहिलंस. मला सांग, १४,९९९ ला तू हा करिअरचा सल्ला कुणाला विकलास? नोकरी सोडून गावी आलास पाडव्याच्या आसपास. अजून एका पालकाकडून रुपया घेतलेला नाहीस. मग ती काट कशावर मारलीस? पुढे ‘फक्त २० जागा शिल्लक’. किती होत्या आणि किती भरल्या? त्याखाली ‘हजारो पालकांचा विश्वास’. हजार सोड, मला दहा पालक दाखव. ज्याच्या पोराचं आयुष्य मार्गी लावायला निघालास, त्याच्याशी बोललेली तुझी पहिली तीन वाक्यं खोटी आहेत.

‘सगळेच करतात बाई’, असं म्हणशील. सगळे करतात म्हणूनच सरकारला नियम करावे लागले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रानं ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांची यादीच काढली. खोटी घाई लावणं तिच्यात आहे आणि आधी कमी आकडा दाखवून शेवटी बाकीचं जोडत नेणं, तेही आहे. तुझ्या पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात काय आहे ते बघ: रिपोर्टचे वेगळे, फॉर्म भरून देण्याचे वेगळे, जीएसटी वेगळा. कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी २०२४ साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांतून समुपदेशन वगळलंय, हे तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतं, कारण फाइलमध्ये त्या ओळीखाली रेघ मारलीस. ती रेघ बघून मला फार वाईट वाटलं. वर्गात माझ्यासमोर बसलेला मुलगा नियम वाचतो, तो पळवाट शोधायला?

आता तुझा तो चाळीस पानी रिपोर्ट. नमुना म्हणून दोन ठेवलेस, एक मुलाचा, एक मुलीचा. मी शेजारी शेजारी ठेवून पानं उलटली. सतराव्या पानावर मुलगा ‘सर्जनशील आहे, त्याला आव्हानं आवडतात, पण कधी कधी एकाग्रता कमी पडते’. सतराव्या पानावर मुलगीही तशीच, शब्दाला शब्द. बदललंय ते फक्त नाव आणि गोल आलेखातले रंग. सगळा रिपोर्ट इंग्रजीत. ज्या आईनं दागिना गहाण ठेवून क्लासची फी भरली, तिनं तो कुणाकडून वाचून घ्यायचा? आणि या रिपोर्टचं सॉफ्टवेअर विकणारा तुला बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारं यंत्रही गळ्यात बांधू पाहतोय, त्याचं दरपत्रक मागे लावलेलं आहे. त्या ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, हे देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं जाहीरपणे सांगितलेलं आहे. तो कागद फाडून टाक.

चाचणीबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. २०१६ साली राज्य मंडळानं दहावीच्या लाखो मुलांची कल चाचणी एक पैसा न घेता केली. प्रत्येकाच्या हातात कागद पडला: तुझा कल कला शाखेकडे, तुझा तांत्रिक क्षेत्राकडे. पोरं तो कागद घेऊन घरी गेली आणि घरात प्रश्न आहे तसाच राहिला. बापाला पोरगा इंजिनिअर हवा, पोराला गणित नको, आयटीआयचं नाव काढलं की आजी रडते, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं हे कुणालाच ठाऊक नाही. कागद मिळाला, पण त्या घरात बसून बोलणारं कुणी मिळालं नाही. पालक पैसे देईल तर त्या बसण्याचे देईल. तू विकायला काढलायस कागद.

१९०८ साली बोस्टनमध्ये फ्रँक पार्सन्सनं तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं पहिलं कार्यालय उघडलं. पुढच्या वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर, त्याचं पुस्तक आलं. त्यानं तीन गोष्टी सांगितल्या: स्वतःला ओळखा, कामांची खरी माहिती मिळवा, आणि मग दोन्हींचा मेळ विचारपूर्वक घाला. शंभर वर्षांवर काळ लोटला तरी तिसरी गोष्ट यंत्राला सोपवण्यासारखी झालेली नाही. ती माणसानं समोर बसूनच करायची असते.

इथवरचं सगळं मी पोरकटपणा म्हणून पोटात घातलं असतं. फाइलच्या शेवटी तो करार निघाला, तो मात्र पोटात घालता येणार नाही. खासगी विद्यापीठाशी करार. तू पाठवलेल्या प्रत्येक प्रवेशामागे तुला ४०,००० रुपये. पेन्सिलनं समासात तूच हिशेब मांडला आहेस, म्हणून मीही मांडते. एका मुलामागे प्रामाणिकपणे किती वेळ लागतो? गुणपत्रकं, दाखले, घरची परिस्थिती बघायला एक तास. मुलाशी एकट्यानं बोलायला आणि चाचणीला दीड. आईबापांशी एक. मागच्या वर्षांचे कटऑफ काढून अभ्यास करायला दीड. पसंतीक्रम भरताना शेजारी बसायला एक. सहा तास झाले. हंगामात शंभर मुलं धरलीस तर सहाशे तास. ९९९ नं हातात येतात ९९,९०० रुपये. त्यातून खोलीचं भाडं, चाचणीचा परवाना, जाहिरात. तुझं घर त्यात चालणार नाही, हे तुलाही कळतं. पण तीन पोरं त्या विद्यापीठात पाठवलीस की १,२०,००० आले, शंभरांच्या फीपेक्षा जास्त. म्हणजे ९९९ ही फी नव्हेच. पालकाला दारात आणायचं आमिष आहे ते. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, हा तुझा सगळा व्यवहार.

डॉक्टरांच्या कट प्रॅक्टिसबद्दल तूच माझ्याशी तावातावानं बोलला होतास, तुझ्या वडिलांच्या आजारपणात. डॉक्टरांना रुग्ण पाठवण्याचं कमिशन घ्यायला २००२ च्या आचारसंहितेत मनाई आहे. तरी ते थांबेना म्हणून २०१७ मध्ये राज्यानं वेगळ्या कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली. तुझ्या धंद्याला आचारसंहिता नाही आणि परिषदही नाही. म्हणून तर तुझ्यावर जबाबदारी जास्त. तुला विचारणारं कुणीच नाही.

आणि ४०,००० कुणाच्या खिशातून येणार आहेत, याचा विचार केलास? जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्याला ते लागू नाही. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे तुझं कमिशन जिथून येतं, नेमकी तिथेच त्या मुलीची माफी संपते. द्राक्षबागेवर कर्ज असलेल्या बापाच्या मुलीला तू तिकडे पाठवणार आणि तो चार वर्षं लाखांनी फी भरणार, जी दुसरीकडे त्याला भरावीच लागली नसती. वर तो तुझ्या पाया पडणार, कारण ९९९ मध्ये तू एवढं केलंस. हे करताना तुला माझा फोटो हवा होता.

आता तू म्हणशील, मग किती घेऊ? सांगते. तुला वर्षाला पाच लाखांच्या आसपास लागतात, हे तूच सांगितलंस. शंभर मुलांपैकी ८० जणांकडून ६,००० घे, २० जणांकडून काही घेऊ नकोस. चार लाख ऐंशी हजार होतात. कॉलेजच्या दारात जायची गरज उरत नाही. एकच आकडा, सगळं धरून, पत्रकाच्या वरच्या भागात. त्या वीस मुलांनाही तेच सहा तास. त्यांची वही वेगळी ठेवायची नाही आणि त्यांचे फोटो काढून छापायचे नाहीत.

गावात ६,००० कोण देणार, हा तुझा पुढचा प्रश्न. याच गावातला पालक अकरावी-बारावीच्या क्लासला लाखाच्या घरात पैसे मोजतो. पैसे देत नाही तो अनोळखी माणसाला, आणि तू आज अनोळखी आहेस. शाळेत हुशार होतास, त्यावर फी मिळत नसते. म्हणून पहिल्या वर्षी शंभर मुलं घेऊच नकोस. पंधरा-वीस घे, ३,००० घे, आणि कारण लिहून टाक: ‘माझं हे पहिलं वर्ष आहे, म्हणून निम्मी फी. पुढच्या वर्षी ६,०००.’ ही सवलत खरी आहे, हिचं कारण कुणालाही पटेल. तोवर जुन्या कंपनीचं जे अर्धवेळ काम येतंय म्हणालास ते सोडू नकोस. ‘प्रवेश मिळाला तरच पैसे’ हे मात्र कधीही करू नकोस. ऐकायला फार चांगलं वाटतं, पण तुझी फी प्रवेशावर अडकली की तू प्रत्येकाला हमखास मिळेल तेच कॉलेज वर टाकायला सांगशील. पोराची उडी तू आखूड करशील आणि तुला कळणारही नाही.

छोटं काहीतरी विकायचं असेल तर पसंतीक्रमाची तपासणी विक. हजार रुपये, एक बैठक. २०२५ पासून इंजिनिअरिंगच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की जागा तिथेच गोठते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी मिळालं की गोठते, तिसरीत पहिल्या सहापैकी. आमच्या गल्लीतल्या मुलीचा फॉर्म सायबर कॅफेवाल्यानं भरला. घराजवळचं कॉलेज पहिलं टाकलं, ‘नंतर बदलता येईल’ म्हणाला. चौथ्या क्रमांकाला टाकलेल्या कॉलेजातली तिला हवी असलेली शाखा तिच्या गुणांत बसत होती. पहिल्या फेरीत पहिलं लागलं आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या तिला बंद झाल्या. आई माझ्याकडे यादी घेऊन आली तेव्हा काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं. वीस मिनिटं कुणी शेजारी बसलं असतं तर एवढंच सांगितलं असतं की सोयीचं आधी लिहू नका, हवं ते आधी लिहा. हे काम पालकाला समजतं. बरोबर झालं की नाही ते त्याला दोन महिन्यांत स्वतःला ताडून बघता येतं. तुझ्या नावाला वजन यायला लागेल ते असल्या कामातून.

पत्रकावर ‘प्रमाणित करिअर तज्ज्ञ’ लिहिलंस. ते प्रमाणपत्र शनिवार-रविवारच्या ऑनलाइन वर्गाचं आहे. आणि जे तुझ्याकडे खरंच आहे, ते कुठेच नाही. हिंजवडीत इतकी वर्षं काढलीस. कंपनी कॅम्पसला येते तेव्हा काय बघते, काम न देता बेंचवर बसवलं की माणसाचं काय होतं, कपात कुणापासून सुरू होते, कुठल्या कॉलेजची पोरं टिकतात आणि का, हे तुला आतून माहीत आहे. गावातल्या एकाही पालकाला ते माहीत नाही. ते लिही. त्याखाली हेही लिही की वैद्यकीय, कायदा, सैन्य, परदेशी शिक्षण यांतलं मला कळत नाही, त्यासाठी मी दुसऱ्याकडे पाठवीन आणि त्याचे पैसे घेणार नाही. मानसशास्त्रीय चाचणी लागली तर ज्ञान प्रबोधिनीसारख्या ठिकाणी पाठव, तिथे त्या कामाची माणसं आहेत. एवढं कबूल केलंस तर पालक उरलेल्यावर विश्वास ठेवेल.

आणि रिपोर्ट बंद. त्याऐवजी एक पान, मराठीत, तुझ्या अक्षरात, तारीख आणि सही घालून: काय सुचवलं, का सुचवलं, यात धोका कोणता, माझ्याकडे कशाचं उत्तर नाही. एक प्रत पालकाला, एक तुझ्याकडे. फेऱ्या संपल्या की त्याच पानाखाली लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं. चुकलं असेल तर तेही. वर्षानं त्या मुलाला फोन करायचा आणि पुन्हा लिहायचं. पुढच्या हंगामात कुणी विचारलं, ‘तुमच्यावर भरवसा का ठेवू?’, तर पालकांची परवानगी असलेली पानं समोर ठेवायची, चुकलेल्यांसकट.

तू माझ्या वर्गातला मन लावून शिकणारा मुलगा होतास, आणि या कामाची आपल्या तालुक्याला किती गरज आहे ते मी रोज बघते. म्हणून एवढं बोलले. दुसऱ्या कुणाची फाइल असती तर मिटून परत केली असती. त्या करारावर अजून तुझी सही नाही, फक्त त्यांची आहे. तो न सही करता परत पाठव आणि पोचपावती मला दाखव. त्यानंतर नवीन पत्रक घेऊन ये. तुझं पहिलं पान मी तपासून देईन, आणि गल्लीतली दोन-तीन मुलं आहेत, त्यांच्या आईबापांशी बोलून ठेवते.