मुंबईत बोलता झालेला इराणी सिनेमा

अब्दुलहुसेन सेपंता यांचा जन्म १९०७ साली तेहरानचा आणि मृत्यू १९६९ साली इस्फहानचा. फारसी बोलपटाचे जनक म्हणून इराण त्यांचे नाव घेतो. मात्र त्यांचा एकही बोलपट इराणच्या भूमीवर तयार झाला नाही. त्यांची सारी चित्रपट कारकीर्द मुंबई आणि कोलकाता या दोन शहरांत, अवघ्या काही वर्षांत घडली आणि संपली.

सेपंता तरुण वयात मुंबईला आले ते सिनेमासाठी नव्हे. इस्लामपूर्व इराणच्या इतिहासाची त्यांना ओढ होती आणि त्या विषयाचे जाणकार मुंबईच्या पारशी समाजात होते. दिनशा इराणी या विद्वान वकिलांच्या सहवासात त्यांचा अभ्यास झाला. पुण्यात जन्मलेले आर्देशीर इराणी मुंबईतच इंपीरियल फिल्म कंपनी चालवत होते. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये त्यांचा 'आलम आरा' झळकला आणि भारतीय सिनेमा बोलू लागला. ध्वनिमुद्रणाची यंत्रे, तंत्रज्ञ, भांडवल असे सगळे त्यांच्यापाशी होते; फारसी लिहिणारा आणि बोलणारा माणूस सेपंतांच्या रूपाने मिळाला.

'दुख्तर-ए-लोर' हा पहिला फारसी बोलपट १९३३ मध्ये तयार झाला. दिग्दर्शक म्हणून नाव आर्देशीर इराणींचे, पटकथा आणि नायकाची भूमिका सेपंतांची. दरोडेखोरांनी लहानपणी पळवलेली गुलनार आणि सरकारी अधिकारी जाफर यांची ही कथा. दोघे जीव वाचवून मुंबईला येतात आणि मायदेशी नवी राजवट स्थिरावल्याचे कळल्यावर परततात. इराणचा तेव्हाचा शहा रजाशाह याची ही उघड स्तुती कथेला खाली ओढते, पण तेहरानच्या प्रेक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. पडद्यावरची माणसे ते प्रथमच आपल्या भाषेत बोलताना ऐकत होते. त्याच सुमारास आलेला ओव्हानेस ओहानियान यांचा मूकपट या लाटेपुढे टिकला नाही.

यशाची सर्वात मोठी किंमत नायिकेने मोजली. पडद्यावर यायला इराणी स्त्री मिळणे तेव्हा जवळपास अशक्य होते. अखेर स्टुडिओतल्याच एका कर्मचाऱ्याची पत्नी रूहअंगीज सामीनेजाद तयार झाली. लोकांनी तिची इतकी अवहेलना केली की पुढे एखादा चित्रपट करून तिने हे क्षेत्र सोडले आणि उरलेले आयुष्य अज्ञातवासात काढले.

यानंतर दिग्दर्शनाची सूत्रे सेपंतांकडे आली. महाकवी फिरदौसीच्या सहस्राब्दीनिमित्त १९३४ मध्ये 'फिरदौसी' निघाला. गझनीच्या सुलतान महमूदचे चित्रण रजाशाहला न रुचल्याने त्यातला काही भाग पुन्हा चित्रित करावा लागला. मग 'शिरीन-फरहाद', नादिरशहाच्या स्वारीवरचा 'काळे डोळे' आणि कोलकात्यात 'लैला-मजनू'. या प्रेमकथा इकडच्या लोकांना परक्या नव्हत्या. महाराष्ट्राचा काही भाग ज्या निजामी राज्यात होता, तिथे १८८० च्या दशकापर्यंत राज्यकारभाराची भाषा फारसीच होती.

१९३६ मध्ये सेपंता इराणला परतले ते तिथे चित्रपट उभारण्याच्या उमेदीने. सरकारने साथ दिली नाही, भांडवलही मिळाले नाही. त्यांनी इस्फहानला लोकरीच्या गिरणीत नोकरी केली, पुढे वृत्तपत्र काढले. बोलपट मात्र पुन्हा केला नाही. प्रतिभा तीच होती, पाठीशी स्टुडिओ नव्हता. इराणमध्ये तयार झालेला पहिला फारसी बोलपट यायला १९४८ साल उजाडले.

'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटानंतर दुसऱ्याच वर्षी मुंबईने आणखी एका देशाच्या सिनेमाला वाचा दिली. महाराष्ट्राच्या चित्रपट-इतिहासात या घटनेला तळटीप नव्हे, स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे.