यादी कुणाची, हिशेब कुणाचा?

रविवारी सकाळी साडेसातला धायरीत आमचा चहा होतो, तेव्हा शिकागोत शनिवारच्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि क्वालालंपुरात रविवारचे सकाळचे दहा. आम्ही तीन भावंडं एकमेकांना सापडतो ती एवढ्याच वेळेला. भाईजान शिकागोत, धाकटा क्वालालंपुरात आणि मी अम्मीबरोबर धायरीत. २०२५ च्या उन्हाळ्यात अम्मी न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया होऊन ती घरी आली, पण दिवसभर जवळ कुणीतरी हवं होतं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. सकाळी बसने स्वारगेट आणि तिथून दुसरी बस. म्हणून बारा तासांसाठी एक मावशी ठेवल्या. त्यांचे पंधरा हजार, औषधं, व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरांची फी असं सगळं मिळून महिन्याचा खर्च तीस हजारांच्या घरात गेला. तो कुणी किती उचलायचा, हा विषय एका रविवारी निघाला.

भाईजान म्हणाले, "इधर का खर्चा तुम्हें नहीं समझेगा." मग त्यांनी घरभाडं, गाडी, आरोग्यविमा आणि हिवाळ्यात घर गरम ठेवण्याचा खर्च सांगितला. दुकानात छापील किमतीवर दहा टक्क्यांहून जास्त विक्रीकर पडतो हेही सांगितलं. धाकटा म्हणाला, "भाईजान, तुमची मुलं सरकारी शाळेत फुकट शिकतात. माझ्या मुलांची फी तुमच्या भाड्याएवढी आहे. आणि पगार रिंगिटमध्ये, डॉलरमध्ये नाही." भाईजानांनी त्यावर क्वालालंपुरात जेवण किती स्वस्त, पेट्रोल किती स्वस्त, हे ऐकवलं. अर्धा तास दोघं आपापलं शहर जास्त महाग असल्याचं सिद्ध करत राहिले. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं : धायरीत सगळं स्वस्त आहे.

दोघंही खोटं बोलत नव्हते. तरीही काहीतरी चुकत होतं. ते काय, याचा मी बरेच दिवस विचार केला. तोच इथे मांडते आहे.

दोन शहरांच्या राहणीखर्चाची तुलना करायची तर आधी वस्तूंची एक यादी लागते. ती दोन्हीकडे सारखी असावी म्हणून 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने १९८६ मध्ये एक गमतीचा उपाय काढला. जगात सगळीकडे एकसारखा मिळणारा मॅकडोनाल्डचा बिग मॅक घ्यायचा आणि त्याच्या किमतीवरून चलनं ताडून पाहायची. भारतात आल्यावर मात्र ही युक्ती अडखळली. इथे गोमांसाचा बिग मॅक मिळत नाही, म्हणून कोंबडीचा महाराजा मॅक हिशेबात घ्यावा लागला. एका साध्या खाद्यपदार्थाची ही गत, तर घर, शाळा आणि दवाखाना यांची तुलना किती अवघड असेल!

जागतिक बँकेच्या मार्गदर्शनाखाली अनेक देशांत मिळून हेच काम अधिक मोठ्या यादीने केलं जातं. २०१७ च्या मोजणीत असं दिसलं, की बाजारात एका डॉलरचे साधारण ६५ रुपये मिळत होते, पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळतं तेवढंच भारतात घ्यायला २०.६५ रुपये पुरत होते. म्हणजे आपला देश जवळजवळ तीनपट स्वस्त. माझ्या भावांचं म्हणणं आकड्यांनीही खरं ठरलं.

पण ही स्वस्ताई येते कुठून? मोबाइल धायरीत स्वस्त नाही. पेट्रोल नाही, सोनं तर नाहीच. स्वस्त आहे ते माणसाचं काम. केस कापणं, कपड्यांना इस्त्री करणं, स्वयंपाक करणं, म्हाताऱ्या माणसाला उठवून बसवणं, मुलांना शिकवणं. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे हेच समजावून सांगितलं. गरीब देशात मजुरी कमी असते, आणि देशाबाहेर नेऊन विकता येत नाहीत अशा सेवा म्हणूनच तिथे स्वस्त पडतात. ही पुस्तकातली गोष्ट मला आमच्या घरात बसून कळली. १ जुलै २०२५ ला शिकागोत किमान वेतन तासाला १६.६० डॉलर झालं. मावशींसारखी बाई बारा तास, महिन्याचे सव्वीस दिवस ठेवायची तर त्या दरानेही पाच हजारांहून जास्त डॉलर होतात. रुपयांत सांगायचं तर चार लाखांवर. इथे तेच काम पंधरा हजारांत होतं. भाईजान ज्याला धायरीची स्वस्ताई म्हणतात, ती बरीचशी मावशींच्या पगाराची स्वस्ताई आहे. आणि थोडी माझ्याही, कारण मीसुद्धा शिकवण्याचं काम विकते.

दुसरी गोष्ट अशी, की शहराचा म्हणून एक खर्च नसतोच. मलेशियात सरकारी बाह्यरुग्ण विभागात नागरिकाला एक रिंगिटमध्ये डॉक्टर तपासतो, परदेशी माणसाला कितीतरी जास्त मोजावे लागतात. २०२५ च्या सप्टेंबरअखेर तिथे पेट्रोलचेही दोन भाव झाले. नागरिकाला लिटरला १.९९ रिंगिट आणि परदेशी माणसाला सवलतीशिवायचा भाव. पंप तोच, नळी तीच. भाईजान ज्या स्वस्त क्वालालंपूरबद्दल बोलत होते ते माझ्या धाकट्या भावाच्या वाट्याला आलेलंच नाही.

हा दोन दरांचा विचार आपल्या पुण्याला नवा नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळावेत हा पाया धरून, १९६०-६१ च्या किमतींनी, त्यांनी किमान खर्च ठरवला : दरमहा माणशी ग्रामीण भागात १५ रुपये, शहरात साडेबावीस. म्हणजे शहर गावाच्या दीडपट. पुढे २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात हेच आकडे शहरात दिवसाला ३२ आणि गावात २६ रुपये असे आले, आणि देशभर संताप उसळला. अभ्यासकांचा हेतू गरिबी किती आहे हे दाखवण्याचा होता. पण 'किमान' ठरवणारा आणि त्या किमानात जगणारा हे दोन वेगळे असतात, ही अडचण तेव्हाही होती आणि आजही आहे.

आमची धायरी तर या दोन रकान्यांच्या मधोमध उभी आहे. २०१७ मध्ये ती महापालिकेत आली. त्याआधी गाव, त्यानंतर शहर. घर तेच, किराणावाला तोच. खडकवासल्याचं धरण हाकेच्या अंतरावर आणि सोसायट्यांना पाणी टँकरचं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण निघाले तेव्हापासून आम्ही पिण्याच्या पाण्याचे जार विकत घेतो. हा खर्च भाईजानांच्या मनातल्या धायरीत नाही. त्यांनी सोडलेल्या धायरीत विहिरीचं पाणी होतं.

आता जरा वेगळी गोष्ट सांगते. रमजान ईदच्या नमाजाआधी आम्ही फितरा देतो. तो रुपयांत ठरवलेला नाही, धान्यात ठरवलेला आहे. गहू असेल तर आमच्याकडे पावणेदोन किलोच्या आसपास. खजूर, किसमिस किंवा जव असतील तर त्याच्या दुप्पट. त्या त्या ठिकाणच्या भावाने त्याची रक्कम होते. चलन बदलो, महागाई वाढो, माप धान्याचंच राहतं. राहणीखर्चाची इतकी साधी यादी दुसरी क्वचितच असेल. पण गंमत पाहा. गहू आणि किसमिस यांत रकमेचा फरक कितीतरी पट आहे. ज्याची ऐपत मोठी त्याने किसमिसच्या भावाने द्यावा, असं मौलाना दरवर्षी सांगतात. आणि आम्ही बहुतेक सगळे दरवर्षी गव्हाचा भाव विचारतो. बंगल्यातलाही गहूच आणि चाळीतलाही गहूच.

त्या रविवारी आमच्या घरात हेच झालं होतं. स्वतःची गरज मोजताना प्रत्येकाने किसमिसची यादी घेतली होती आणि दुसऱ्याची मोजताना गव्हाची. भाईजानांच्या यादीत मुलीचा पियानोवर्ग ही गरज होती. माझा इथला पाण्याचा जार ही त्यांना चैन वाटली.

हे भावांना सुनवायचं म्हणून मी तयारीत होते. पण त्याआधी एक प्रसंग घडला. १ जून २०२५ ला पीएमपीचं भाडं वाढलं. महिन्याचा पास ९०० चा १,५०० झाला. मी लगेच ते सहाशे रुपये घरखर्चाच्या वहीत लिहिले. आठवड्याने मावशी म्हणाल्या, "ताई, पास वाढला. पगारात थोडं बघा." त्या जनता वसाहतीतून येतात. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, तुमची खोली तर स्वतःची आहे ना? तुम्हाला भाडं थोडंच भरायचंय!"

त्या काही बोलल्या नाहीत. अम्मीची उशी सारखी करू लागल्या. मी मात्र स्वतःचाच आवाज ऐकून गप्प झाले. हे तर अगदी भाईजानांचं वाक्य होतं, फक्त शिकागोऐवजी धायरीतून बोललेलं. दोघींचा पास सहाशेनेच वाढला होता. माझ्या पगाराच्या मानाने ती वाढ लहान आणि त्यांच्या पगाराच्या मानाने मोठी. तरीही वहीत नोंद झाली ती माझ्याच सहाशेची. ज्याच्या श्रमामुळे आपलं आयुष्य स्वस्त होतं, त्याच्या गरजा कमी आहेत असं मानणं किती सोयीचं असतं! आणि हे मानायला परदेशात जावं लागत नाही.

म्हणून मला असं वाटतं, की 'कुठे किती महाग?' हा प्रश्न आपण बऱ्याचदा दुसऱ्या प्रश्नाच्या जागी विचारतो. खरा प्रश्न असतो, 'माझ्यावर कुणाचं किती देणं आहे?' पहिल्याचं उत्तर आकड्यांत मिळतं, म्हणून आपण तिथेच थांबतो. शिकागो महाग आहे, हे खरंच. पण त्यावरून अम्मीसाठी भाईजानांनी काय द्यावं ते ठरत नाही. ते ठरवायचं तर स्वतःच्या यादीतली गरज कोणती आणि हौस कोणती, हे ज्याचं त्याने प्रामाणिकपणे पाहावं लागतं. त्यात दुसरा कुणी ढवळाढवळ करू शकत नाही आणि म्हणूनच ते अवघड आहे. मला एवढंच सुचतं, की जी यादी स्वतःला लावतो तीच दुसऱ्याला लावावी. गहू तर दोघांना गहू.

पुढच्या रविवारी मी भावांना महिन्याचा हिशेब वाचून दाखवला. त्यात मावशींच्या पगारात दोन हजारांची वाढ धरली होती. शेवटी एक ओळ होती, 'रात्रीची जाग – मी', आणि तिच्यापुढे रक्कम लिहिली नव्हती. धाकटा म्हणाला, "आपा, ही ओळ कशाला?" मी म्हटलं, "पैसे मागायला नाही. यादी पुरी व्हावी म्हणून." भाईजान थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, अर्धा खर्च ते पाठवतील. उरलेल्यात धाकट्याने आणि मी वाटणी केली.

मावशींचे सतरा हजार झाले. एवढ्यात धायरीत भाड्याने साधं घर घेऊन राहणं त्यांना अजूनही परवडणार नाही. ज्या गावाला आम्ही तिघं स्वस्त म्हणत होतो, त्याच गावात त्या रोज सकाळी बसने येतात आणि रात्री बसने परत जातात.