बेशुद्ध माणसाच्या नावाची वही

ऑगस्ट 1952. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओची साथ थैमान घालत होती. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास घेणं अशक्य झालेल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. श्वास चालवणारं ‘लोखंडी फुप्फुस’ हे यंत्र एकच होतं. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देववून श्वासनलिकेत नळी बसवली आणि तिला जोडलेला रबरी फुगा हाताने दाबायला सुरुवात केली. मुलगी वाचली. मग सुमारे 1500 विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी फुगे दाबत बसले. आजच्या आयसीयूचं मूळ तिथलं.

पुढे या हातांची जागा यंत्रांनी घेतली. म्हणून यंत्रं आली आणि माणुसकी गेली, असा गळा काढण्यात अर्थ नाही. हात थकतो, व्हेंटिलेटर थकत नाही. मात्र मोकळा झालेला हात गेला कुठे? बराचसा मॉनिटरकडे, पंपांकडे आणि नोंदींच्या तक्त्यांकडे. अलार्म वाजला की नजर आधी आकड्यावर जाते, चेहऱ्यावर नंतर. यात सिस्टरला दोष देणं अन्यायाचं. आकडा चुकला तर जाब तिलाच विचारला जातो.

जोसेफिन पॅटरसन आणि लोरेटा झ्डेराड या अमेरिकी परिचारिकांनी 1976 साली ‘ह्युमनिस्टिक नर्सिंग’ लिहिलं, तेव्हा त्यांनी आधार घेतला तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांचा. समोरच्याला वस्तू समजून हाताळायचं की ‘तू’ म्हणून सामोरं जायचं, हा बुबर यांचा 1923 मधला प्रश्न. शुश्रूषा दोघांमध्ये घडते, असं या दोघींचं म्हणणं.

पण समोरचा बेशुद्ध असेल तर? तोंडात नळी, रक्तात गुंगीचं औषध, उत्तर काहीच नाही.

स्कँडिनेव्हियातल्या परिचारिकांनी यावर वही काढली. रुग्णाला थेट उद्देशून, साध्या भाषेत रोज दोन-चार ओळी: आज तुम्हाला खुर्चीत बसवलं, तुमची मुलगी येऊन गेली. नातेवाईकही लिहितात, बरं झाल्यावर वही रुग्णाच्या हाती देतात. गरजही तशीच असते. आयसीयूतून बाहेर पडलेल्या अनेकांना मधले दिवस आठवत नाहीत, आठवतात ते भास: आपल्याला कुणी डांबून ठेवलंय, सिस्टर विष देतेय.

उपयोग होतो का? युरोपातल्या सहा देशांत 352 रुग्णांवर झालेल्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वही मिळालेल्यांपैकी 5 टक्क्यांना आघातोत्तर मानसिक विकार जडला, इतरांपैकी 13.1 टक्क्यांना. सगळे हुरळले. मग 2019 मध्ये फ्रान्समधल्या 35 आयसीयूंची मोठी चाचणी आली: या विकाराची लक्षणं वही मिळालेल्यांपैकी 29.9 टक्क्यांत, इतरांपैकी 34.3 टक्क्यांत, म्हणजे नोंद घ्यावी असा फरक नाही.

इथे खरा तात्त्विक पेच पडतो. वही हे औषध असेल, तर पुरावा डळमळल्यावर ती बंद करायला हवी. पण बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवताना सिस्टर ‘आता वळवते हं’ म्हणते, ते कुठल्या चाचणीच्या भरवशावर? तो माणूस तिथे आहे, एवढं कारण तिला पुरतं. वहीचंही तेच आहे. तिला उपचारांच्या रांगेत उभं करणं हीच गफलत.

आपल्याकडे एकेका सिस्टरच्या वाट्याला येणारे रुग्ण पाहता तिच्यावर आणखी एक वही लादणं क्रूरपणाचं ठरेल. मात्र आत पाच मिनिटं सोडलेले नातेवाईक उरलेला दिवस दाराबाहेरच्या बाकड्यावर काढतात. वही त्यांच्याकडे देता येईल. सिस्टरने ड्यूटी संपताना एक ओळ घातली तरी चालेल.