पांसुकूल आणि वाकळ



वर्षावास संपला की विहाराविहारांतून चीवरदानाची धांदल सुरू होते. आपण दुकानातून कोरे चीवर आणतो, भक्तिभावाने भन्तेजींच्या हाती देतो आणि घरी परततो. पण ते चीवर उलगडून नीट पाहिले आहे काय? ते एकसंध कापडाचे नसते. कापलेले तुकडे, मधून पट्ट्या, मग पुन्हा तुकडे. नव्या कापडाला हे ठिगळांचे रूप मुद्दाम का द्यावे?

विनयपिटकाच्या महावग्गात त्याचे उत्तर आहे. दक्षिणागिरीकडे चारिका करीत असता भगवान बुद्धांना मगधातील शेते दिसली. चौकोनी वाफे, मधून लांब-आखूड बांध. त्यांनी आनंदाला विचारले, "भिक्खूंसाठी असे चीवर तुला योजता येईल काय?" आनंदाने तुकडे जुळवून शेताचा तो नमुना कापडावर उतरविला आणि तथागतांनी त्याच्या बुद्धीची वाखाणणी केली. त्या काळी पुष्कळ भिक्खू उकिरड्यावर व स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, रंगवून वापरीत. तेच पांसुकूल. जगाने फेकलेल्या चिंधीतून डोळ्यांना सुखावणारे काही घडविण्याची ही कला आपल्या संघाच्या अंगावर अडीच हजार वर्षे आहे.

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात काटा सलेल, आणि तो सलणे रास्तच आहे. चांडाळाने प्रेताची वस्त्रे नेसावी, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावे, असा दंडक मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. आपल्या पूर्वजांनी उतरलेले नेसले आणि उरलेले खाल्ले ते हौसेने नव्हे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ती पोथी जाळली गेली. मग टाकाऊ चिंधीचे गुणगान आम्ही का ऐकावे?

बंधूंनो, दोन्हीकडे चिंधी आहे, पण एकीकडे सक्ती आहे आणि दुसरीकडे स्वेच्छा. सर्व भिक्खूंनी जन्मभर पांसुकूलच वापरले पाहिजे, असा आग्रह देवदत्ताने धरला, तेव्हा भगवंतांनी तो साफ नाकारला. ज्याला हवे त्याने पांसुकूल वापरावे, ज्याला हवे त्याने गृहस्थाने दिलेले चीवर घ्यावे. जीवक वैद्याने अर्पण केलेले उंची वस्त्र तर त्यांनी स्वतः स्वीकारले होते. आणि पांसुकूल धारण करणाऱ्यांत अग्रणी कोण, तर महाकाश्यप, धनाढ्य ब्राह्मणाचा मुलगा! उलट कोमेजलेली फुले झाडून पोट भरणारा सुनीत संघात आला, त्यालाही तेच चीवर मिळाले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सुनीताच्या दीक्षेला आवर्जून स्थान दिले आहे. कोणाच्या अंगावर कोणते वस्त्र हे जन्माने ठरविण्याची चाल येथे संपली.

त्याच महाडला बाबासाहेब आपल्या आयाबहिणींशीही बोलले. लुगड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असू द्या, असे त्यांनी बजावले. लाज ठिगळाची नव्हे, लाचारीची, हे त्या बायकांना लगेच उमगले.

त्याच बायकांच्या पिढीने वाकळी शिवल्या. विटलेली लुगडी, विरलेली धोतरे, पोरांचे सदरे, सारे थरावर थर अंथरायचे आणि काठाकडून आत धावदोरा घालीत जायचे. लाल तुकड्याशेजारी हिरवा का, निळा कोठे, हे त्यांना कोणत्याही शाळेने शिकविले नव्हते. ती वाकळ आज आपल्यातला शिकलेला मुलगा पाहुणे आले की माळ्यावर टाकतो. आणि शहरातील सजलेल्या दुकानात तीच 'हस्तकला' म्हणून मोठ्या किमतीला विकली जाते, शिवणारणीच्या नावावाचून! मला तर दुसऱ्या गोष्टीपेक्षा पहिलीचे दुःख अधिक वाटते.

याउलट मुंबईत सुधीर राजभर या कलावंताने धारावीतील चर्मकार कारागिरांना बरोबर घेऊन, टाकाऊ रबरापासून बनविलेल्या पत्र्यांच्या पिशव्या घडविल्या, आणि ज्या शब्दाने शिवी दिली जाई तोच 'चमार' शब्द आपल्या उद्योगाच्या पाटीवर लिहिला. कोणी म्हणेल, हा व्यापार आहे. असेना का! पाटी त्यांची आहे, किंमत तेच सांगतात.

तेव्हा कोणी 'तुम्हां लोकांना चालेल' म्हणून उतरलेले कपडे पुढे केले, तर नम्रपणे परत करा. पण घरची वाकळ माळ्यावरून काढा, उन्हात घाला आणि येत्या चीवरदानाच्या दिवशी विहारात भिंतीवर टांगा. खाली आजीचे नाव लिहा. ती हयात असेल तर कोणता तुकडा कोणाच्या कपड्याचा, हे तिलाच सर्वांसमोर सांगू द्या.

कोसंबीला राजा उदयनाने आनंदाला असेच खोदून विचारले होते. राणीवशाने पाचशे चीवरे दिली, एवढ्यांचे करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची जीर्ण झाली त्यांना वाटू. आणि जीर्ण चीवरांचे? अंथरुणावर घालू. जुन्या चादरींचे? गादीच्या खोळी करू. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरू, मग पायपुसणी, मग झाडण्याची फडकी. आणि त्या फडक्यांचे? "महाराज, ती कुटून चिखलात कालवू आणि त्याने जमीन सारवू." राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली.