बाग ताणावर सोडताना

आजचं वाचन : यशया 58:1-11 आणि मत्तय 6:1-18



भस्म बुधवार जवळ आला की आपल्यात एकच प्रश्न फिरतो, "यंदा काय सोडणार?" कोणी मटण सोडतं, कोणी चहा, कोणी इन्स्टाग्राम. प्रश्न चांगला आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा समजून घ्यायला वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) भागातल्या संत्र्याच्या बागा उपयोगी पडतात.

आंबिया बहार घ्यायचा असेल तर शेतकरी हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतो. याला म्हणतात बाग ताणावर सोडणं. पानं मलूल होतात, काही गळतातही. बघणाऱ्याला वाटतं, झाड चाललं! पण नुसती पालवी वाढवणं थांबतं आणि झाडाची साठलेली ताकद फुलांकडे वळते. पुन्हा पाणी मिळालं की बाग फुलते.

किती दिवस पाणी तोडायचं, हे जमीन ठरवते. हलक्या जमिनीला थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीला जास्त. शेजाऱ्याचं बघून ताण दिला तर झाड वाळायचं. उपवासकाळाचंही तसंच. मैत्रिणीला झेपतं ते तुम्हाला झेपेलच असं नाही, आणि तिला अवघड जातं ते तुम्हाला कदाचित काहीच वाटणार नाही.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. विहिरीत पाणी असतं, म्हणून ते रोखण्याला अर्थ असतो. विहीरच आटली तर तो ताण नव्हे, दुष्काळ. झाडाला दोन्ही सारखेच. माणसाला मात्र फरक कळायला हवा. कर्ज आणि नापिकीने विदर्भातली किती घरं उद्ध्वस्त झाली, हे आपण जाणतो. मग ज्यांच्यावर भूक लादली गेली, त्यांच्या शेजारी आपण हौसेने उपाशी राहणं ही थट्टा तर नाही ना?

यशया हा प्रश्न टाळत नाही. उपवासाच्या दिवशीही मजुरांना राबवून घेणाऱ्यांचा उपवास देवाला नको आहे. त्याला हवं आहे जुलमाचं जू मोडणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, बेघराला घरात घेणं. असं करणाऱ्याला तो भरपूर पाणी मिळालेल्या बागेची उपमा देतो! म्हणजे आपण रोखलेलं पाणी कुणाच्या तरी बागेत पोचलं पाहिजे. नाहीतर तो उपवास नाही, डाएट आहे.

म्हणून यंदा "काय सोडणार?" बरोबर "कुणासाठी?" हेही ठरवा. बाहेरून जेवण मागवणं बंद केलंत, तर ते पैसे घरकामाच्या मावशींच्या मुलीच्या फीला जाऊ द्या. रील्सचा तास वाचला, तर गावी एकट्या असलेल्या आजीला फोन करा. आणि येशूने सांगितल्याप्रमाणे हे गुपचूप करा. स्टेटस नको!

आणि ज्यांची विहीर सध्या आटलेली आहे, आजारपण आहे, नोकरी गेली आहे, मन थकलं आहे, त्यांनी आणखी काही सोडू नये. कुणी पाणी घेऊन आलं तर नाही म्हणू नका. या 40 दिवसांत तुमची साधना तीच.

प्रार्थना : प्रभू, माझ्या विहिरीत किती पाणी आहे ते मला खरं दिसू दे, आणि ते कुणाचं आहे तेही. आमेन.