आधी कोणाचे पैसे द्यावेत?



मंदी आली की आपण भावाची चर्चा करतो. पण तिचा भार शेवटी कोणावर पडतो?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि कापसाची सरकारी खरेदी थांबली. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ५,५५० रुपये हमीभाव होता. पण खरेदीच बंद, मग भाव काय कामाचा? आपल्या आष्टीसारख्या कापूस-संत्र्याच्या तालुक्यात अशी अडचण खाली खाली सरकत जाते. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही, म्हणून मजुरी थकते. मजुरी थकली की किराण्याची उधारी वाढते आणि छोटा दुकानदारही बुडू लागतो.

अडचण सर्वांनाच असते, पण सारखी नसते. घरात कापूस असलेला थोडा थांबू शकतो. रोजच्या मजुरीवर चूल पेटवणारी बाई थांबू शकत नाही. म्हणूनच गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, असे अनुवादाचे पुस्तक सांगते. पोप लिओ तेरावे यांनीही १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला.

हात आखडता घ्यावा लागला, तर आधी आपला खर्च कमी करू या. मजुरी आणि उधारी वेळेवर चुकती करणे ही दया नव्हे. तो न्याय आहे.